‘काका’ नावाची खोली

सावेडी, नगर
१४ जानेवारी २०२४

चि. ग्रेसला सलाम.

पाकीट बघून हसली असशील. रोज संध्याकाळी साडेसातच्या प्रार्थनेला काका स्क्रीनवर दिसतात, वर आता टपालानेही हजर! काय करू, पस्तीस वर्षं शाळेत मुलांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, ती खोड खुब्यात रॉड पडला तरी जात नाही. शिवाय त्या चौकटीत मी नुसता खाकरलो तरी साठ माणसं कान टवकारतात. मला फक्त तुझ्याशी बोलायचं होतं.

नाताळात तू संगमनेरहून आलीस आणि दोन दिवसांत आमच्या घराचा नूर पालटून गेलीस. ऑक्टोबरात मी बाथरूममध्ये घसरलो, तेव्हापासून हा तिसरा मजला आणि मी. लिफ्ट नाही, खाली जायला चोपन्न पायऱ्या. एडविन नागापूरला कारखान्यात, सूनबाई आराधना दवाखान्यात ड्यूटीला. दिवसभर घरात मी आणि तुझ्या रोझीकाकूचं शिलाई मशीन. त्या मशीनवर तू टॅब्लेट उभा केलास आणि म्हणालीस, "काका, आता मंडळीच तुमच्याकडे येईल." आली की! पाळकसाहेब, गावाकडची गोजरबाई, माझा बुद्धिबळाचा जोडीदार गोरक्ष, सगळे आपापल्या चौकटीत बसून मला हात करतात.

आणि ती दुसरी खोली, जिला तू ‘काका’ असंच नाव दिलंस, तीही सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत चालू असते. एडविनला आणि आराधनाला कामावरून हवं तेव्हा मोबाईलवर बघता येतं की म्हातारा पडला तर नाही ना. मी आता सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. कोण कधी डोकावेल याचा काय नेम!

हे पत्र पेटीत कसं पडलं विचारशील. सकाळी भागूबाई भाजीवाली खाली येते. मी बाल्कनीतून दोरीला बांधून टोपली सोडतो. मेथी वर येते, पत्र खाली जातं आणि ती ते पेटीत टाकते. तुझं उत्तर पोस्टमन खालच्या डब्यात टाकेल, तेही तीच टोपलीत घालेल. "सर, कागद टाकलं वं!" असं साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगते.

तुझे किती आभार मानू?

तुझा
प्रभुदासकाका


संगमनेर
२७ जानेवारी २०२४

प्रिय काका, तुम्हाला आणि घरच्या सर्वांना सलाम.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. अक्षर बघून तिला पप्पा आठवले. तुम्हा दोघा भावांचा ‘ळ’ अगदी एकसारखा, म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

आभार कसले मानता? मलाच किती आनंद झालाय! आमच्या कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी आणला, जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी ठेवला आणि त्याचा हा सर्व्हर झाला. मोठ्या कंपन्यांचं फुकटातलं बोलणं चाळीस मिनिटं झाली की बंद पडतं, भर प्रार्थनेत ‘आमेन’च्या आधी. आपल्याकडे तसं नाही. हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. कुणीही घ्यावं, आपल्या मशीनवर बसवावं. नाव विचारत नाही, नंबर मागत नाही. लिंक दाबली की माणूस आत. आपलं बोलणं कुठल्या परक्या कंपनीच्या गोदामातून जात नाही, आमच्या जिन्याखालून जातं. आता आपली मंडळी धरून तीन गावांतली सत्तर घरं यावर आहेत. महिलांची प्रार्थना, गायनाचा सराव, परवा तर एक साखरपुडासुद्धा झाला.

तुमच्यासाठी आणखी एक काम करून टाकलं. पाळकसाहेब दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेऊन तुमच्याकडे येतात ना? मी त्यांना म्हटलं, या वयात तीन जिने कशाला चढता, काका तर रोजच भेटतात. आता आराधनावहिनी घरीच प्रभुभोजनाची तयारी करतील, पाळकसाहेब स्क्रीनवरून प्रार्थना करतील. त्यांना इतकं बरं वाटलं! गोरक्षकाकांनाही बुद्धिबळाचा पट दिसेल असा मोबाईल लावायला शिकवलं. दर गुरुवारी ते चोपन्न पायऱ्या चढून यायचे, तो त्रास वाचला.

तुम्हाला आता जिना उतरायची गरजच नाही, काका.

तुमची
ग्रेस


सावेडी, नगर
९ मार्च २०२४

चि. ग्रेसला सलाम.

गेल्या रविवारी गावाकडे हंगामाचा सण झाला, तो तू दाखवलास आणि मी पाहिला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, सगळं जागच्या जागी दिसलं. कोंबडीने मध्येच पंख फडफडवले तेव्हा मला धुळीचा वास आल्यासारखं झालं.

तुला माहीतच आहे, रोझी दर वर्षी या वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावासाठी एक गोधडी शिवायची आणि दर वर्षी मीच ती चढ्या बोलीने घरी आणायचो. गाव हसायचं, "सर, बायकोचीच गोधडी इकत घेता व्हय!" ती गेली तेव्हा एक गोधडी अर्धवट राहिली होती. गोजरबाईने ती पाच वर्षं ट्रंकेत जपली आणि या वर्षी स्वतः टाके घालून पुरी केली. निळ्या काठाची, मधे माझ्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा. ती लिलावात निघाली.

मी बोली लावली. तीनदा लावली. पण माझा आवाज तिकडे पोचेपर्यंत पुढची बोली झालेली असायची. लोक माझ्या आधी हसत होते आणि मी नंतर बोलत होतो. शेवटची बोली लावायला तोंड उघडलं तर माइकवर लाल रेघ आली. मी बोलतोय, ओठ हलताना मला माझ्या चौकटीत दिसतायत आणि कुणालाही काही ऐकू जात नाही. बजरंग दूधवाल्याने गोधडी नेली. भला माणूस आहे, त्याला काय ठाऊक?

असो. तुझी मेहनत दिसत होती.

प्रभुदासकाका


संगमनेर
२२ मार्च २०२४

प्रिय काका, सलाम.

तुमचं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल रेघ मीच ओढली होती. तुमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्या सगळ्या देवळात घुमत होत्या. पाळकसाहेबांनी हाताने खूण केली, मी आवाज बंद केला. तुम्ही बोली लावताय हे माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा.

पण आता असं कधीही होणार नाही. आवाज उशिरा पोचायचं कारण सापडलं. गावातल्या मोबाईलला रेंज कमी आणि आमची इंटरनेटची लाइनही जुनी. मी नवी लाइन घेतली, सर्व्हरचं सेटिंग बदललं आणि तुमच्यासाठी हेडफोन पाठवतेय, त्यात कुकर ऐकू जात नाही. पुढच्या सणाला तुमची बोली सगळ्यात आधी पोचेल, बघाच.

मी तिकडे नव्हते, म्हणून गोंधळ झाला. मला जायचं होतं हो. गाडीत बसायची तयारीही केली होती, पण मशीन मध्येच अडकलं तर ते उठवायला इथे कुणी नाही. अश्विनीच्या, माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या लग्नालाही असंच राहिलं, नेमकी त्या दिवशी दोन मंडळ्यांची प्रार्थना होती. दिवसभर फोन चालू, "ताई, आवाज येत नाही", "ताई, मी उलटी दिसतेय". आई म्हणते, तू देवळाची घंटा झालीस, कुणीही यावं आणि ओढावं. चालायचंच. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय ना.

तुमची
ग्रेस


सावेडी, नगर
१५ जुलै २०२४

चि. ग्रेस, सलाम.

मधे चार महिने पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. हेडफोन मिळाला. कुकर ऐकू येत नाही हे खरं.

व्यायाम शिकवणारा ओम एप्रिलपर्यंत दिवसाआड घरी यायचा. आता तोही चौकटीतून येतो. एडविननेच ठरवलं, त्याचा वेळ वाचतो म्हणाला. गोरक्ष गुरुवारी खेळतो, पण स्क्रीनवर माझा वजीर त्याला प्यादं वाटतो, आणि पूर्वी पिशवीतून पेरू आणायचा ते आता दाखवतो नुसते. हसलो आम्ही दोघं.

तुला एक विचारू? तू संगमनेरच्या बाहेर शेवटची कधी गेलीस? नाताळात इथे आलीस ते मी धरत नाही, तेव्हाही तू मशीनच्या कामानेच आली होतीस. तुझ्या जिन्याखालच्या त्या पेटीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहे की नाही? मास्तर असल्यामुळे सवय आहे, मूल काय लिहितं त्यापेक्षा काय खोडतं ते मी आधी बघतो. तुझ्या पत्रात ‘चालायचंच’ या शब्दावर शाई सांडल्यासारखी वाटली.

दुसरं असं की, १८ ऑगस्टला रोझीला जाऊन पाच वर्षं होतील. रविवारच आहे. मी एडविनला म्हटलं, दोघांनी धरलं तर उतरेन हळूहळू, कबरस्तानात पाच मिनिटं बसेन. तो म्हणाला, "पप्पा, कशाला जिवाला त्रास? पुन्हा पडलात तर? ग्रेसला सांगतो, ती तिथून सगळं लाइव्ह दाखवेल." तो घाबरतो माझ्यासाठी, हे मला कळतं. रात्रपाळी करून आलेल्या पोराशी मी काय वाद घालणार?

तो तुला फोन करेल. तुला जे योग्य वाटेल ते कर.

प्रभुदासकाका


संगमनेर
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय काका, सलाम.

रविवारच्या त्या अर्ध्या तासाचा आनंद अजून माझ्या मनातून जात नाही. एडविनदादाचा फोन आला तेव्हाच ठरवलं होतं, काकूंचा स्मृतिदिन असा करायचा की सगळ्यांनी लक्षात ठेवावा. आणि झालाही तसाच. चौऱ्याऐंशी जण होते, काका! आजवर कधीच एवढे एकदम आले नव्हते. मस्कतहून एक कुटुंब होतं. चित्र एकदाही अडकलं नाही. दगडावरचं काकूंचं नाव, शेवंतीची फुलं, मेणबत्ती, सगळं इतकं स्वच्छ की मला दगडावरची मुंगीसुद्धा दिसली.

पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, एडविनदादाने मोबाईल फिरवून कबरस्तान दाखवलं, तेव्हा तुम्ही रडलात. सगळ्यांनी पाहिलं. आमचेही डोळे भरले. नंतर कितीजणींनी फोन करून सांगितलं, काकूंवर सरांचं केवढं प्रेम! जिना न उतरता तुम्हाला काकूंपाशी जाता आलं, याचं मला खूप समाधान आहे.

माझ्याबद्दल विचारलंत, ते सावकाश लिहीन. सध्या कामं फार आहेत.

तुमची
ग्रेस


सावेडी, नगर
२९ ऑगस्ट २०२४

ग्रेस, सलाम.

हे पत्र मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहितोय, कारण घरात तेवढीच जागा तुझ्या टॅब्लेटला दिसत नाही. एडविनला हे दाखवू नकोस.

तू लिहिलंस, काका रडले. रडलो. रोझी गेली म्हणून नाही, ते रडणं पाच वर्षांत रडून झालंय. एडविनने मोबाईल वर उचलून चहूकडे फिरवला, तेव्हा तू नीट बघितलंस का? कडुलिंब दिसला, कुंपणाची भिंत दिसली, नळ दिसला. माणूस एकही दिसलं नाही. दर वर्षी तिथे वीस-पंचवीस माणसं उभी राहतात. बायका घरून डबे आणतात, झाडाखाली बसून खातात, रोझीच्या गोष्टी सांगतात, तिच्या भांडणाच्यासुद्धा. या वर्षी पाळकसाहेब त्यांच्या घरातून प्रार्थना करत होते, मंडळीतल्या बहिणी आपापल्या सोफ्यावर. चौऱ्याऐंशी जण आले आणि कुणीच आलं नाही. माझी रोझी एकटी होती, ग्रेस. जवळ मुलगा होता, तर त्याचंही लक्ष चार्जिंगकडे.

आता बाकीचंही ऐक. फेब्रुवारीपासून आमचा उंबरा कोणी ओलांडला ते सांगतो. गॅसवाला आणि विजेचं मीटर बघणारा. एप्रिलपर्यंत ओम. झालं. पाळकसाहेब फेब्रुवारीपासून नाहीत, गोरक्षही नाही. कोणालाही विचार, प्रत्येकजण सांगेल, "सर तर रोज भेटतात." ओम यायचा तेव्हा मला धरून जिन्यात न्यायचा, नऊ पायऱ्या उतरायला लागलो होतो मी. आता चौकटीतून सांगतो, सर, पाय उचला. मी खुर्चीत बसून पाय उचलतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांना मोबाईलवर पायांचे फोटो दाखवले तर ते म्हणाले, पायातली ताकद अशीच जात राहिली तर दिवाळीनंतर जिन्याचं नाव काढू नका. म्हणजे मग मी खाली उतरेन तो चौघांच्या खांद्यावरच.

दहा महिने मी जमिनीवर पाय ठेवला नाही. या घरातून रोज खाली जाते ती फक्त टोपली. मला कधीकधी त्या टोपलीचा हेवा वाटतो, हे लिहायलाही लाज वाटते.

तू वाईट केलं नाहीस गं. चांगलंच केलंस, इतकं चांगलं की इकडे यायला कुणाला कारणच उरलं नाही. आधीच सांगायला हवं होतं मी. पण त्या चौकटीत सगळ्यांसमोर कसं सांगू? आणि सकाळी आठपासून कोणीतरी बघतंय म्हणून मी हसरा चेहरा करून बसतो. या वयात सबंध दिवस हसरा चेहरा ठेवणं फार अवघड जातं.

प्रभुदासकाका


संगमनेर
१० सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आईने चारदा विचारलं, मी सांगितलं, सर्व्हर अडकलाय.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवावी असं वाटत होतं, पण आता लपवाछपवी पुरे झाली. सर्व्हर कोण काय बोललं ते ठेवत नाही, पण कुठल्या खोलीत किती जण होते, कधी आले, कधी गेले, याची नोंद ठेवतो. मी ती कधी उघडलीच नव्हती, कारण मशीन चालतंय ना, मग बघायचं कशाला? त्या दिवशी उघडली. ‘काका’ ही खोली जानेवारीपासून रोज चौदा तास चालू आहे. जानेवारीत एडविनदादा दिवसातून पाच-सहा वेळा आत यायचे, वहिनी तीनदा. फेब्रुवारीत दोनदा. मे महिन्यात आठवड्यातून एकदा. ऑगस्टमध्ये कुणीही नाही, काका. सबंध महिना त्या खोलीत तुम्ही एकटेच होतात. तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ज्यांच्यासाठी हसत बसलात, ते पलीकडे नव्हतेच.

त्यांना दोष देऊ नका. दिसतील हे ठाऊक असलं की माणूस बघत नाही. मी तरी कुठे बघितलं? मुंगी दिसली मला आणि माणसं नाहीत हे दिसलं नाही.

आता माझं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. पासवर्ड मी कुणालाही दिलेला नाही. अश्विनीने दोनदा मागितला, शिकव म्हणाली, मी टाळलं. लोकांना सांगायचे, अवघड आहे, मलाच बसावं लागतं. खरं सांगू? मला ते आवडत होतं. पप्पा गेल्यावर या घरात कुणाचा फोन येत नव्हता, आता दिवसाला तीस येतात. त्यासाठी मी माझ्याच जिन्याखाली स्वतःला बांधून घेतलं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि मी जिन्याखाली, दोघांनाही अडकवणारी मीच.

रविवारी, २२ तारखेला सर्व्हर दिवसभर बंद राहील. दुरुस्ती वगैरे काही नाही, मी स्वतः बंद करणार आहे. ग्रुपवर आजच टाकलंय, "रविवारी ऑनलाइन काहीही नाही. प्रभुदास सरांना भेटायचं असेल त्यांनी सावेडीला यावं. तिसरा मजला, लिफ्ट नाही." वीस मिनिटांत शेहेचाळीस फोन आले. मी एकही उचलला नाही. 

मी सकाळच्या एसटीने निघते. दुपारपर्यंत पोचेन.

ग्रेस


सावेडी, नगर
३० सप्टेंबर २०२४

चि. ग्रेसला मनापासून सलाम.

त्या रविवारी सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे तू यायच्या आधी काय झालं आणि तू गेल्यावर काय झालं, हे तुला सांगायचंच राहिलं.

सकाळी आठला मी सवयीने दाढी केली, शर्ट घातला, मशीनसमोर बसलो. टॅब्लेट काळा. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यात माझा चेहरा नव्हता. मी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि नुसता बसून राहिलो. फार बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

अकराच्या सुमाराला जिन्यातून हाक आली, "मास्तर! ओ मास्तर!" गोरक्ष. मी दाराशी जाऊन वाट बघितली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, माणूस वर येईना. मी वरून विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "मी हितंच बसलोय, दुसऱ्या मजल्यावर. फुडं न्हाई चढवत. लई धाप लागती."

मग कळलं. जानेवारीत तू त्याला मोबाईल लावायला शिकवलंस, त्याच्या आधीपासूनच त्याला जिना झेपत नव्हता. छातीचं दुखणं. मला सांगायची लाज वाटली म्हणून तो ‘त्रास वाचला’ म्हणून गप्प बसला. मी जितका वर अडकलो होतो तितकाच तो खाली अडकला होता, आणि आम्ही दोघं दर गुरुवारी एकमेकांना पेरू दाखवत होतो!

आराधनाला रविवारची सुट्टी होती. मी म्हटलं, सूनबाई, मला अठरा पायऱ्या उतरायच्या आहेत. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "पप्पा, कठडा सोडायचा नाही. मी सांगेन तेव्हाच पाय." नर्सबाईच ती. मी उतरलो. पाय लटपटत होते, मधे एकदा वाटलं संपलं आता, पण खाली तो म्हातारा भिंतीला टेकून बसलेला दिसत होता. अठरावी पायरी उतरलो आणि त्याने माझा हात धरला. त्याचा तळहात खरखरीत आहे, हे मी विसरूनच गेलो होतो. 

दुपारी तू आलीस आणि आम्हाला तिथे बघून बॅग तशीच टाकून रडत बसलीस, ते दोघांनाही ठाऊक आहे. चौऱ्याऐंशीपैकी सात जण आले. मला सात पुष्कळ झाले. पाळकसाहेबांनी जिन्यातच प्रभुभोजन दिलं, तेव्हा गोरक्ष टोपी काढून शेजारी बसला होता. बजरंग दूध घेऊन आला, गोधडी आणली नाही. माझ्या कानात म्हणाला, "सर, नातू तिच्याबिगर झोपत न्हाई वं." मी म्हटलं, राहू दे. रोझीने ती कुणाच्या तरी अंगावर पडावी म्हणूनच शिवली होती.

तू चारच्या गाडीला गेलीस. त्यानंतर अर्ध्या तासाने खालून धडधड धावत येणारे बूट ऐकू आले. एडविन. कारखान्याच्या कपड्यांतच, चेहरा पांढराफटक. आराधनाचा फोन वर घरातच राहिलेला, ती उचलेना म्हणून दुपारपासून मोबाईलवर खोली लावत होता म्हणे, लागेना; ग्रुपवरचा तुझा निरोप त्याने वाचलाच नव्हता. तुला फोन, लागेना. पाळी सोडून आला. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पट मांडून बसलेलं बघून मटकन खाली बसला. "पप्पा, तुम्ही दिसत नव्हता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑगस्टभर दिसत होतो."

त्याला काय ते कळलं. तुझी नोंद दाखवावी लागली नाही. त्याने डोकं माझ्या गुडघ्यावर ठेवलं, दहावीला नापास झाला होता तेव्हा ठेवलं होतं तसं. रोज दिसत होतो म्हणून त्याने बघितलं नाही आणि एक दिवस दिसेनासा झालो तर धावत आला. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. पोराचे केस पिकायला लागलेत, हे मला चौकटीत कधी दिसलं नव्हतं. मग त्याने आणि आराधनाने मला वर आणलं. अठरा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली.

सोमवारी तू सर्व्हर पुन्हा सुरू केलास, ते बरं केलंस. गोजरबाई गावाहून कशी येणार? मस्कतवाले कसे येणार? त्यांच्यासाठी ती पेटी हवीच. अश्विनीला पासवर्ड दिलास, हे ऐकून तर तुला शाबासकी द्यावीशी वाटली. आता नाताळाआधी एक रविवार काढून ये. कबरस्तानात जायचं आहे. एका बाजूने एडविन धरेल, दुसऱ्या बाजूने तू. कोणीही मोबाईल काढायचा नाही. फक्त ‘काका’ नावाची खोली तेवढी कायमची मोडून टाक. एडविनने टॅब्लेट काढलाय, मशीनवर आता रोझीची सुयांची डबी ठेवलीय.

खोटं सांगत नाही, अजून मी तिसऱ्या मजल्यावरच आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो, तिथे गुरुवारी गोरक्ष येतो, तिथून परत वर. दिवाळी महिन्यावर आली आणि डॉक्टर मान हलवतात. रात्री अंथरुणात पायऱ्या मोजतो. पण ओम परत येतोय आणि संध्याकाळी एडविन बूट न काढताच म्हणतो, "चला, पप्पा."

काल मेथी घेताना भागूबाईने टोपली धरून ठेवली, सोडेचना. खालून ओरडली, "सर, आजून किती दीस ह्ये दोरीनं चालायचं? कागद टाकाया सोता कवा उतरनार?"

मी बाल्कनीतून ओरडलो, "छत्तीस उरल्यात!"

ती म्हणाली, "मंग थांबती मी." आणि टोपली सोडली.

तुझा
प्रभुदासकाका